मागणीनुसार छपाई : कलाकृतीची फाइल-सिद्धता

ऑर्डर आल्यावर एकेक नग छापण्याच्या व्यवसायात मूळ चित्र वा अक्षररचना यंत्राला चालेल अशा फाइलमध्ये बसवण्याचे, आणि काम वाढले की ते आज्ञावलीकडे सोपवण्याचे तंत्र. ऑफसेटमध्ये प्लेट निघण्यापूर्वी कोणीतरी प्रूफ पाहतो. ऑनलाइन दुकानातून आलेली फाइल मात्र बहुधा कोणाच्याही नजरेखालून न जाता थेट यंत्रावर जाते, आणि चूक मालावरच उमटते.

इतिहास : झेरॉक्सचे डॉक्युटेक (१९९०) आणि इंडिगोचे ई-प्रिंट १००० (१९९३) या यंत्रांमुळे प्लेटचा खर्च गळाला व एक प्रत छापणे परवडू लागले. कॅफेप्रेस (१९९९) आणि प्रिंटफुल (२०१३) यांनी ही सोय कप-कपड्यांपर्यंत नेली. भारतात पुस्तकांसाठी बंगळूरची पोथी डॉट कॉम (२००८) व चेन्नईची नोशन प्रेस (२०१२), तर कपड्यांसाठी चेन्नईची प्रिंटरोव्ह आणि तिरुपूरची क्विकिंक यांची नावे घेतली जातात.

मापे : सर्वसाधारण अपेक्षा इंचाला ३०० ठिपक्यांची. या हिशेबाने ए-४ पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. अॅमेझॉनच्या अमेरिकी मर्च सेवेने टी-शर्टासाठी ४५०० × ५४०० पिक्सेलची, २५ एमबीच्या आतली पारदर्शक पीएनजी ठरवून दिली. म्हणजे १५ × १८ इंच. लहान चित्र ताणून हा आकडा भरतो, तपशील भरत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेले चित्र आधीच दाबलेले असते. तेच डॉक्युमेंट म्हणून मागवावे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला कापणीसाठी चारही बाजूंनी साधारण ३ मिमी जास्त सोडतात. कण्याची रुंदी पृष्ठसंख्या आणि कागदाची जाडी यांवरून काढतात, म्हणून पाने पक्की होईपर्यंत मुखपृष्ठ पक्के करता येत नाही.

रंग : पुस्तकाच्या छपाईला सीएमवायके व पीडीएफ/एक्स मागतात, कपड्यांच्या सेवा बहुधा एसआरजीबी मागतात. कोणते चांगले याबद्दल व्यावसायिकांत एकमत नाही. छापणाऱ्याने सांगितलेले पाळणे सोयीचे. गडद कापडावर रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर बसतो. अर्धपारदर्शक कडा असतील तर हा थर बाहेर डोकावतो आणि अक्षराभोवती पांढुरकी किनार दिसते. कपासाठीच्या सब्लिमेशनची छपाई उलटी, आरशातल्यासारखी काढावी लागते.

देवनागरीची अडचण : इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेली आज्ञावली देवनागरीला जशीच्या तशी लावली की पहिला बळी जातो वेलांटीचा. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसते आधी. ही अदलाबदल, जोडाक्षरे आणि रफार ही कामे हार्फबझसारखे अक्षरजुळणी-यंत्र करते. पायथनच्या पिलो या चित्र-लायब्ररीला हार्फबझ वापरणाऱ्या राक्मची जोड नसेल तर वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे पायमोडकी उमटतात. इमेजमॅजिकमध्ये यासाठी पँगोचा मार्ग आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मजकूर-रचना निवडावी लागे.

मराठीपुरती आणखी एक पायरी आहे. फाँटमध्ये मराठी रूपे असली तरी भाषेची खूण न दिल्यास ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पिलोत भाषा म्हणून ‘एमआर’ देता येते. दऱ्या आणि दर्या यांतला फरक तर मूळ यादीतच बरोबर टंकलेला हवा. तो कोणतीही आज्ञावली नंतर ओळखत नाही. एक टाइपचे मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू, मोदक हे फाँट व्यापारी मालावर वापरता येतात. मोदकसारख्या फुगीर अक्षराची पोकळी मात्र लहान मापात बुजते. रंगात थोडा फरक पडला तर गिऱ्हाईक चालवून घेते, स्वतःच्या नावाची वेलांटी चुकलेली नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत या भागाला झुकते माप दिले आहे.

कोठी, हैदराबाद : एकाच कामात अनेक लिप्या आल्या की काय होते, याचे हे उदाहरण. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या वास्तूभोवती वाढलेल्या कोठी–सुलतान बाजारातल्या पाट्यांवर तेलुगू, उर्दू आणि देवनागरी लिप्या शेजारी-शेजारी दिसतात, आणि लग्नपत्रिका वा नावाचा कप करतानाही त्या एकाच फाइलमध्ये येतात. शहरातले डीटीपी मात्र वेगवेगळ्या वाटांनी वाढले : तेलुगूला अनू, उर्दू नस्तालीकला इनपेज (१९९४), देवनागरीला पुण्याच्या मॉड्युलरचे श्रीलिपी. त्यापूर्वी उर्दू मजकूर कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहीत. मुसी नदीपलीकडचा छत्ता बाजार त्यासाठी आणि पत्रिकांसाठी प्रसिद्ध. या वाटा कोरलड्रॉमध्ये एकत्र येतात आणि मजकूर ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, पुढे पाठवला जातो. त्यामुळे अक्षर मोडत नाही, पण तो मजकूर राहत नाही. नाव बदलायचे तर रचना पुन्हा करावी लागते. एकेका पत्रिकेला हे चालून जाई. शंभर नावांचे शंभर कप असतील तर युनिकोडशिवाय गत्यंतर नाही. उर्दूची उजवीकडून डावीकडे जाणारी ओळही राक्म सांभाळते, तेव्हा नव्या मांडणीत लिप्यांसाठी वेगळी दुकाने लागत नाहीत.

याच परिसरातल्या इसामिया बाजारातील मराठी साहित्य परिषद ‘पंचधारा’ हे त्रैमासिक काढते. अशा नियतकालिकांचे युनिकोडपूर्व अंक मागणीनुसार पुन्हा काढायचे तर फाँटनिहाय रूपांतर आणि त्यानंतर ओळन् ओळ मुद्रितशोधन अटळ असते. पाने स्कॅन करून छापणे स्वस्त पडते, पण शोध घेता येत नाही.

स्वयंचलन : मूळ आराखडा एक, नावांची यादी एक, यादीतल्या प्रत्येक ओळीला एक फाइल, हे सूत्र. फोटोशॉपचे अॅक्शन (१९९६) व व्हेरिएबल, कोरलचे प्रिंट मर्ज किंवा पायथन यांपैकी काहीही चालते. एक्सेलची यादी सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून साठवली नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. सर्वांत लांब नाव आधी बसवून पाहावे. फाइलचे नाव ऑर्डर क्रमांकावरून, इंग्रजी अक्षरांत ठेवतात.

हक्क : कॉपीराइट कायदा, १९५७ चे औद्योगिक डिझाइनांविषयीचे कलम १५ अशा मालाला लागू होते का, हे प्रकरणानुसार ठरते.