शनिवारवाडा ते सुरत

30 ऑगस्ट 1773, सोमवार, सकाळ. भाद्रपदातला गणेशोत्सव संपत आलेला. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेले नारायणराव पेशवे पर्वतीला जाऊन येतात. काहीतरी शिजते आहे याची कुणकुण त्यांना लागली आहे. सरदार हरिपंत फडक्यांना ते बंदोबस्त करायला सांगतात. हरिपंत होकार देतात आणि जेवणाच्या आमंत्रणाला निघून जातात. शनिवारवाड्यातच नजरकैदेत आहेत काका रघुनाथराव, 1758 साली लाहोरपर्यंत मजल मारलेले राघोबादादा. सोबत पत्नी आनंदीबाई.

दुपार. जेवून पेशवे आडवे होतात.

एकच्या सुमारास. थकलेला पगार मागत वाड्याचे भाडोत्री पहारेकरी, गारदी, आत घुसतात. पुढे सुमेरसिंग. नारायणराव धावत चुलत काकू पार्वतीबाईंकडे, तिथून थेट काकांकडे जातात आणि त्यांना मिठी मारतात. राघोबांचाच नोकर तुळाजी पवार पुतण्याला खेचून बाजूला काढतो. चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर आडवा पडतो. दोघेही तिथेच कापले जातात.

गारद्यांना दिलेल्या लेखी हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, हे मराठी घरातल्या पोरालाही पाठ असते. तो कागद मात्र आज कोणाला दाखवता येत नाही. कट धरण्याचा होता असे मानले तरी, पुतणा गळ्यात पडलेला असताना राघोबांना कोणते अक्षर वाचायचे होते? खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’पासून रंगभूमीला महत्त्वाकांक्षी बायको फार सोयीची वाटली. त्या खोलीत नवरा होता.

रात्र. मृतदेह गाजावाजा न करता नदीकाठी नेऊन त्याचे दहन केले जाते.

पुढचे आठवडे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे चौकशी करतात. परंपरा सांगते की प्रायश्चित्त विचारायला आलेल्या राघोबांना त्यांनी देहान्तच सांगितला आणि पुणे सोडले. राघोबा पेशवे झाले, पण माणसे फुटू लागली. खुनाच्या वेळी नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर ठेवले.

18 एप्रिल 1774. गंगाबाईंना मुलगा झाला. राघोबांच्या पेशवाईला आता आधार उरला नाही.

10 जानेवारी 1775, धार. पळापळीत मागे ठेवलेल्या आनंदीबाईंनाही मुलगा होतो, पुढचा दुसरा बाजीराव. दीड वर्षापूर्वी एका वाड्यात असलेले हे जोडपे आता वेगवेगळ्या मुलखांत आहे: ती धारच्या किल्ल्यात, तो गुजरातेत. गुजरातेत बारभाईंच्या फौजेपुढे राघोबांचा टिकाव लागत नाही आणि फेब्रुवारीअखेर ते सुरतेत इंग्रजांच्या आश्रयाला येतात. त्यांचा हा उतार पश्चात्तापाचा होता की नुसत्या भीतीचा, हे कागदांवरून ठरत नाही. मला भीतीचाच वाटतो. पश्चात्ताप झालेला माणूस गादीसाठी फौज भाड्याने घेत नाही.

6 मार्च 1775, सुरत. तह होतो. मुंबईकर इंग्रज सुमारे अडीच हजारांची फौज देणार, खर्चापोटी राघोबा दरमहा दीड लाख रुपये. शिवाय साष्टी, वसई आणि सुरत-भरूचच्या महसुलातला वाटा. साष्टीतले ठाणे इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच घेतले होते. वसई चिमाजीअप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून जिंकलेली; ते राघोबांचे सख्खे काका.

मुंबईकरांच्या वरच्या कलकत्त्याच्या कौन्सिलने हा तह मानला नाही. 1776 साली पुरंदरच्या तहात इंग्रजांनी राघोबांची बाजू सोडली. साष्टी मात्र सोडली नाही.