रिसर्च गॅप म्हणजे नेमकं काय? एका तुटलेल्या सांध्याची गोष्ट

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "रिसर्च गॅप कुठे आहे?" मी एमएस्सी मटेरिअल सायन्स करून स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगकडे वळले, तेव्हा या प्रश्नावर माझी बोबडीच वळली होती. "यावर फारसं काम झालेलं नाही" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. गॅप म्हणजे काय, हे पुढे माझ्याच विषयाच्या इतिहासाने शिकवलं. विषय आहे, भूकंपानंतर काढून बदलता येणारे स्टील बीमचे जोड.

आधी थोडं विज्ञान. लोखंडी तार हातात धरून दोन-चार वेळा खालीवर वाकवा. ती गरम लागते, कारण तुम्ही लावलेली ऊर्जा तिने पोटात घेतली. भूकंपात स्टीलच्या सांगाड्याकडून हीच अपेक्षा असते: बीम कॉलमजवळ वाकावा, पण तुटू नये.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलेमध्ये ईगॉर पोपॉव्ह यांनी अशा जोडांच्या चाचण्या केल्या. बीमच्या वरच्या-खालच्या फ्लँज कॉलमला वेल्ड केलेल्या आणि मधला वेब बोल्टने जोडलेला, ही पद्धत पुढे रूढ झाली आणि १९८८च्या अमेरिकन बिल्डिंग कोडमध्येही आली. पण त्या चाचण्यांतले बीम १८ आणि २४ इंच खोलीचे होते. प्रत्यक्ष इमारतींत मात्र ३० ते ३६ इंची बीम वापरले जाऊ लागले. चाचणी एका आकाराची, वापर दुसऱ्या आकाराचा!

डिसेंबर १९९३मध्ये टेक्सासच्या एंगलहार्ट आणि हुसेन यांचा शोधनिबंध छापून आला. त्यांच्या ८ नमुन्यांपैकी बऱ्याच जोडांनी पुरेसं न वाकताच मान टाकली होती. त्यानंतर महिन्याभरात, १७ जानेवारी १९९४ला पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला.

या पद्धतीची एकही इमारत कोसळली नाही. म्हणून आधी सगळं ठीकच वाटलं. पण फायरप्रूफिंगचा थर काढून बघितलं, तर जोडांना तडे गेलेले! एकमजलीपासून २६ मजलीपर्यंत, अगदी नव्या इमारतींतही. कारणं अनेक होती. वेल्डचा धातू ठिसूळ होता. वेल्डखालची बॅकिंग पट्टी तशीच राहिल्याने तिथे खाच तयार झाली होती. आणि बीमचं स्टील कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त ताकदीचं निघालं. ताकद जास्त असणं वाईट कसं? घरातल्या फ्यूजमध्ये जाड तार घातली तर फ्यूज उडत नाही, वायरिंग जळतं. तसंच बीम वाकला नाही आणि सगळा ताण वेल्डवर गेला.

उपाय काय निघाला? बीम मुद्दाम थोडा कमजोर करायचा. कॉलमपासून थोड्या अंतरावर फ्लँजच्या कडा कापायच्या, म्हणजे बीम तिथेच वाकेल आणि वेल्ड वाचेल. दिसायला कुत्र्याच्या हाडासारखा, म्हणून नाव पडलं 'डॉगबोन'. पेटंट लक्झेंबर्गच्या आर्बेड कंपनीकडे होतं, पण तिने अमेरिकेत त्यावरचा हक्क सोडून दिला.

जीव वाचले, पण इमारतीचं काय? वाकलेला बीम हा सांगाड्याचाच भाग असतो. तो बदलणार कसा? २२ फेब्रुवारी २०११ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये भूकंपाने १८५ जणांचा बळी घेतला. त्यानंतर शहराच्या मध्यभागातल्या शेकडो इमारती पाडाव्या लागल्या. त्यातल्या कितीतरी उभ्याच होत्या. याउलट २२ मजली पॅसिफिक टॉवरमध्ये स्टीलचे खराब झालेले काही लिंक कापून काढले आणि नवे बसवले. इमारत वाचली.

इथे प्रश्नच बदलला. "जोड तुटू नये कसा?" याऐवजी "खराब झालेला भाग बदलता येईल का?" म्हणून आता बीमच्या टोकाला बोल्टने बसवलेल्या छोट्या प्लेट्स किंवा लिंक वापरतात. भूकंपात त्या वाकतात, बीम आणि कॉलम शाबूत राहतात. नंतर बोल्ट काढा, नवी प्लेट लावा.

ऐकायला सोपं, पण इमारत थोडी जरी कललेली राहिली, तर नव्या प्लेटची भोकं जुन्या भोकांवर बसत नाहीत. शिवाय बीमवर काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यामुळे वरच्या फ्लँजपर्यंत पाना पोचवणंही अवघड. माझं काम यातल्या पहिल्या अडचणीवर आहे: किती कलापर्यंत प्लेट खरोखर बदलता येते?

तर मित्रांनो, सिनॉप्सिस लिहिताना "काम झालेलं नाही" या वाक्यावर थांबू नका. जुन्या पेपरमधलं नमुन्यांच्या आकाराचं टेबल काढा आणि आज ती गोष्ट कुठे, कोणत्या आकारात वापरली जाते ते शेजारी मांडा. पोपॉव्हचे १८ आणि २४ इंच वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर छापलेले होते.