यंत्रमानवपट आणि संगणक : काटकसरीच्या तंत्राचा मुंबईपर्यंतचा प्रवास

प्रस्तावना

यंत्रमानव हा सचेतनपटाचा, म्हणजेच बोलीभाषेतील कार्टूनचा, जुना नायक आहे. प्रारंभी तो हाताने रेखाटला जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची आकृती संगणकात घडू लागली आणि यंत्राची कथा यंत्रानेच सांगावी अशी स्थिती निर्माण झाली. या स्थित्यंतराचे वर्णन सामान्यतः तंत्रज्ञानाची झेप म्हणून केले जाते. ते वर्णन अपुरे आहे. यंत्रमानवपटांमध्ये संगणक शिरला तो प्रामुख्याने काटकसरीच्या वाटेने, आणि मुंबईत तयार होऊन २०१३ मध्ये प्रक्षेपित झालेली 'वीर : द रोबोट बॉय' ही मालिका त्याच वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा आहे, अशी मांडणी प्रस्तुत निबंधात केली आहे. या काटकसरीतून कोणाचे काय साधले आणि कोणाच्या पदरात काय पडले, हा तिच्यामागचा खरा प्रश्न होय.

हाताने रेखाटलेले यंत्र

जपानी चित्रकार ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. जपानबाहेर ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने ओळखली जाते. एका शास्त्रज्ञाने आपल्या मृत मुलाच्या जागी घडविलेला बालयंत्रमानव हा तिचा नायक. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यावयाचा आणि त्यासाठी मिळणारा मोबदला मात्र तुटपुंजा, अशा अडचणीत तेझुका यांनी चित्रांची संख्याच कमी केली. पात्र स्थिर ठेवून केवळ ओठ हलविणे, पार्श्वभूमी सरकवून धावण्याचा भास निर्माण करणे, हे उपाय योजले गेले. याहून महत्त्वाची ठरली ती चित्रांची 'पेढी'. नायकाच्या उड्डाणाची चित्रे एकदा काढून जपून ठेवावयाची आणि पुढील अनेक भागांत तीच पुन्हा वापरावयाची, अशी ही व्यवस्था होती. उरलेली तूट नायकाची छबी वापरण्याच्या परवान्यांनी भरून काढली. मालिकेची पुरस्कर्ती असलेल्या चॉकलेट कंपनीच्या डब्यांतून त्याची चिकटचित्रे मुलांच्या हाती गेली. एकदा घडविलेली वस्तू पुनःपुन्हा वापरणे हे संगणकीय सचेतनाचे मूलतत्त्व संगणकाच्या आगमनापूर्वीच असे रुजले होते.

दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरसारख्या गावात 'ट्रान्सफॉर्मर' हा शब्द उच्चारला की शेतावरचे रोहित्र आठवते, आणि ते बहुधा जळालेलेच असते! अमेरिकेतील मुलांना मात्र या शब्दाने १९८४ पासून मोटारीचे रूप टाकून उभा राहणारा यंत्रमानव आठवू लागला. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची खेळणी घेतली, त्यांना नवी नावे व नव्या कथा दिल्या आणि ती खपावीत म्हणून मालिका काढली. कथा अमेरिकेत लिहिल्या जात. चित्रे प्रामुख्याने जपानमधील तोएई येथे आणि पुढे दक्षिण कोरियातील स्टुडिओत काढली जात. कल्पनेची मालकी एका देशात आणि हातांची मेहनत दुसऱ्या देशात, ही विभागणी त्यामुळे संगणकाच्या खात्यावर टाकता येत नाही. ती कागद-पेन्सिलीच्या काळातच पक्की झाली होती.

संगणकाला यंत्रमानव का मानवला

याच मालिकेची पुढची शाखा 'बीस्ट वॉर्स' १९९६ मध्ये आली. कॅनडातील व्हँकूव्हर येथील मेनफ्रेम एंटरटेनमेंट या स्टुडिओने तिचे सर्व ५२ भाग संगणकावर तयार केले. याच स्टुडिओने १९९४ मध्ये 'रीबूट' ही संपूर्ण संगणकनिर्मित मालिका दिली होती आणि तिची कथाही एका संगणकाच्या अंतरंगातच घडत होती. दोन्ही वेळा विषयाची निवड सहेतुक दिसते.

त्याचे कारण तंत्रात आहे. संगणकात पात्र घडविताना प्रथम त्याचा त्रिमित साचा बांधावा लागतो, म्हणजे असंख्य लहान बहुकोनी पृष्ठांची जाळी जोडून शरीर उभे करावे लागते. नंतर त्यात सांध्यांचा सांगाडा बसवितात. ॲनिमेटर हालचालीच्या मुख्य अवस्था ठरवितो व मधल्या अवस्था संगणक गणिताने भरून काढतो. शेवटी प्रकाश, छाया व रंग यांचा हिशेब होऊन प्रत्येक चौकट चित्ररूप घेते. या अखेरच्या क्रियेला रेंडरिंग म्हणतात. माणसाचे शरीर या पद्धतीला सहजी दाद देत नाही. कातडी ताणते, कपड्याला चुण्या पडतात, केस वाऱ्यावर उडतात, आणि या प्रत्येक गोष्टीसाठी स्वतंत्र गणित लागते. यंत्रमानवाचे तसे नाही. त्याचे अवयव ताठ असतात, सांधे उघड दिसतात, पृष्ठभाग गुळगुळीत असतो. हालचाल जरा अवघडलेली वाटली तरी प्रेक्षक ती यंत्राचा स्वभाव म्हणून स्वीकारतो. संगणकाचे दौर्बल्य हेच पात्राचे लक्षण ठरावे, असा योग कलेच्या इतिहासात क्वचितच येतो.

'बीस्ट वॉर्स'मधील यंत्रमानव प्राण्यांची रूपे घेत. त्यांची लव व खवले रंगविलेल्या पृष्ठभागावरच भागविले होते. कथेवरही खर्चाची छाया पडली. प्रत्येक नवे पात्र म्हणजे नवा साचा आणि नवा साचा म्हणजे आठवड्यांचे श्रम. म्हणून दोन्ही पक्षांत मोजकेच योद्धे ठेवले गेले. युद्ध निर्जन ग्रहावर घडविले, कारण तेथे गर्दी दाखवावी लागत नव्हती. टीकाकारांनी या मालिकेतील पात्रांच्या स्वभावरेखाटनाची प्रशंसा केली आहे. ती रास्त असली तरी मोजक्या पात्रांकडे एवढे लक्ष देण्याची सवड अंदाजपत्रकानेच दिली होती, हे विसरता येत नाही. २००४ च्या 'ट्रान्सफॉर्मर्स एनर्जॉन'मध्ये ही विभागणी तर एकाच चौकटीत उतरली. तेथे यंत्रमानव संगणकाने केले आणि माणसे हाताने काढली.

मुंबईतील पूर्वतयारी

महाराष्ट्रात सचेतनपटाची परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी काड्यापेटीतील काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली; प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा सचेतनपट काढला. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत व्यंगपट विभाग सुरू केला. तेथे डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले आणि १९५७ मध्ये जातककथेवरील 'द बनियन डिअर' तयार झाला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागात घडले.

संगणकाचा धागा याच शहरात स्वतंत्रपणे विणला जात होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या संगणकाला आलेख व चिन्हे दाखविणारा पडदा होता. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकीय आरेखनावर संशोधन झाले आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या सहभागाने 'विन्यास' ही अक्षररचनेची प्रणाली विकसित झाली. मराठी टंकलेखनातील सर्वपरिचित 'मंगल' अक्षरांचे रचनाकारही जोशीच. मुंबईच्या संगणकाने देवनागरी अक्षराचे वळण गिरविले, त्यानंतर कितीतरी वर्षांनी तेथे कार्टूनचा व्यवसाय उभा राहिला. दुर्दैवाने या दोन धाग्यांची गाठ फारशी पडली नाही.

गाठ पडली ती बाजारपेठेत. केतन मेहता यांची माया एंटरटेनमेंट १९९६ मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या त्यांच्या 'कॅप्टन व्योम' या अंतराळमालिकेत संगणकीय दृश्यांचा मोठा वापर होता. २००१ मध्ये 'माया ॲकॅडमी ऑफ ॲडव्हान्स्ड सिनेमॅटिक्स' ही प्रशिक्षणसंस्था निघाली. मॅक या संक्षिप्त नावाने तिची केंद्रे पुढे अनेक शहरांत पसरली. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. ग्रामीण महाराष्ट्रात संगणक म्हणजे एम.एस.-सी.आय.टी.चे प्रमाणपत्र असे समीकरण रूढ होत असताना मुंबईतील तरुण त्याच यंत्रावर परदेशी पात्रांचे सांधे हलवीत होते. क्रेस्ट या मुंबईतील स्टुडिओने २००३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आलेल्या 'जेकर्स' या मालिकेचे संगणकीय काम केले. हे काम दर्जेदार होते, परंतु त्यातील पात्रे, कथा आणि हक्क दुसऱ्यांचे होते.

या कामातील श्रमाचा अंदाज साध्या गणिताने येतो. अकरा मिनिटांच्या भागात, सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्यास, १६,५०० चौकटी होतात. एका चौकटीच्या रेंडरिंगला दहा मिनिटे लागतात असे मानले, तर एका संगणकाला अहोरात्र चालून सुमारे ११५ दिवस लागतील. पन्नास संगणक जोडले तर तेच काम ५५ तासांत उरकेल. म्हणजे प्रथम यंत्रांवर मोठी गुंतवणूक करावी लागते आणि नंतर ती यंत्रे रिकामी राहू नयेत म्हणून काम शोधावे लागते. बाहेरचे काम घेण्यामागे ही निकड होती. या कामातून मुंबईला जे कुशल मनुष्यबळ मिळाले, त्याच्या बळावरच पुढे स्वतःची मालिका शक्य झाली.

'वीर' आणि त्याचे साचे

'लोटपोट' या हिंदी नियतकालिकातील जोडगोळीवर आधारित 'मोटू पतलू' ही मालिका कॉस्मॉस-माया या मुंबईच्या स्टुडिओने तयार केली. ती ऑक्टोबर २०१२ मध्ये निक वाहिनीवर सुरू झाली आणि तिचे दिग्दर्शन सुहास कडव यांनी केले. पुढच्याच वर्षी याच स्टुडिओची 'वीर : द रोबोट बॉय' हंगामा वाहिनीवर आली. डॉ. सहाय या शास्त्रज्ञाने घडविलेला, मानवी भावना असलेला बालयंत्रमानव हा तिचा नायक. तिंबक्तू हा खलनायक. तेझुका यांच्या नायकाशी असलेले नाते उघड आहे. मात्र जपानी कथेच्या मुळाशी असलेला पुत्रशोक येथे जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याची जागा वस्तीतल्या गमतीजमती घेतात. हा बदल उथळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. रोज दाखवावयाच्या मालिकेला दर भागात पुन्हा पहिल्या जागी येऊन उभा राहणारा नायक लागतो, आणि दुःख असे पहिल्या जागी परतत नाही.

'मोटू पतलू'तील मोटूचा लाल व पतलूचा पिवळा कुर्ता कधी बदलत नाही. कार्टूनमधील पात्रांचा पोशाख पूर्वीपासूनच ठरलेला असतो हे खरे. पण त्रिमित साच्याच्या बाबतीत त्याला आर्थिक कारणाची जोड मिळते, कारण नवा कपडा म्हणजे नवी जाळी. यंत्रमानवाला तर कपडे बदलण्याचे कारणच नसते. नायक, वस्ती, घरे व रस्ते एकदा बांधले की शेकडो भाग त्यांवर उभे राहतात. तेझुकांची पेढी येथे संगणकाच्या स्मृतिकोशात आली, एवढाच काय तो फरक.

स्वतःची पात्रे हाती आल्याने मालकीचा प्रश्न सुटला असे मात्र नाही. नायक भारतीय, निर्मिती मुंबईची. परंतु यूटीव्हीने २००४ मध्ये सुरू केलेली हंगामा वाहिनी २००६ पासून डिस्नेकडे होती. स्टुडिओतील मोठा हिस्साही २०१८ मध्ये एमराल्ड मीडियाकडे आणि २०२१ मध्ये न्यूक्वेस्ट या गुंतवणूकसंस्थेकडे गेला. १९८४ मध्ये जी विभागणी देशादेशांत होती, ती येथे कारागीर व भांडवलदार यांच्यात दिसते.

भाषेचा प्रश्न

संगणकीय पात्राला भाषा नसते. ओठांची हालचाल थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते. त्यामुळे एका भाषेतील भाग दुसरीत आणणे स्वस्त पडते. असे असूनही मराठवाड्यातील मूल हा यंत्रमानव हिंदीतूनच ओळखू लागले. हंगामा वाहिनीवर 'डोरेमॉन' हे जपानी यंत्रमांजर २००५ पासून हिंदी बोलत होते आणि त्याचा प्रभाव सीमेपलीकडेही गेला. बांगलादेशातील मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारीवरून तेथील सरकारने २०१३ मध्ये, म्हणजे 'वीर' आला त्याच वर्षी, त्या हिंदी प्रक्षेपणावर बंदी घातली. महाराष्ट्रात असा वाद उभा राहिला नाही. ज्या शहरात ही चित्रे घडत होती त्या शहराच्या राज्यभाषेत ती बोलावीत, अशी मागणीही जोराने पुढे आली नाही. मराठी बालप्रेक्षकाला हिंदी समजते हे गृहीत धरणे वाहिन्यांना सोयीचे होते, आणि ही सोयही काटकसरीचीच.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पेडर रोडवरील तिच्या जुन्या आवारात जुलै २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या संस्थेचे उद्घाटन झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व संगणकीय खेळ या क्षेत्रांसाठीच्या धोरणाला मान्यता दिली. क्लेअर वीक्स यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या संस्थेत वडाखालचे हरीण हाताने चालविले, तिच्या आवारात आता त्रिमित साचे बांधण्याचे शिक्षण दिले जाते.