लेखकनाम-प्राधिकार

लेखकनाम-प्राधिकार : एकाच लेखकाची निरनिराळ्या ग्रंथांवर छापलेली वेगवेगळी नावे ग्रंथालयाच्या तालिकेत एका ठरावीक रूपाखाली आणणे, उरलेल्या रूपांकडून त्या रूपाकडे वाट दाखवणे आणि सारख्या नावाच्या दोन लेखकांची पुस्तके एकमेकांत मिसळू न देणे, ही कामे करणारी तालिकीकरणाची पद्धत. ठरवलेल्या रूपाला ‘प्रमाण नाव’ व त्याविषयीच्या नोंदीला ‘प्राधिकार-नोंद’ म्हणतात.

गरज : अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर यांनी १८७६ मध्ये तालिकेची उद्दिष्टे मांडली. लेखक ठाऊक असेल तर पुस्तक सापडावे आणि त्या लेखकाचे काय काय ग्रंथालयात आहे ते एकत्र दिसावे, ही त्यांतली दोन. पहिले उद्दिष्ट शीर्षकपृष्ठावरचे नाव उतरवून बऱ्याच अंशी साधते; दुसरे तेवढ्याने साधत नाही. ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहावर कवीचे नाव कुसुमाग्रज असे आहे, तर ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर असे. छापील नावांवरच विसंबले, तर ही दोन पुस्तके ‘क’ आणि ‘श’ या अक्षरांखाली विखुरतात. शिरवाडकरांचे जन्मनाव गजानन रंगनाथ होते. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. एका लेखकाची अशी चार रूपे होतात.

मराठी नावांतील भेद : स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी मराठी नावाची घडण आहे. पुस्तकावर पहिली दोन नावे बहुधा आद्याक्षरांत आक्रसतात. ‘पु. ल. देशपांडे’ ही नोंद ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशी उलगडावी लागते, कारण समान आडनाव व आद्याक्षरे असलेल्या व्यक्ती अनेक असतात. संपूर्ण नावेही जुळली तर जन्म-मृत्यूची वर्षे जोडून भेद करतात. आचार्य, डॉ., प्रा., लोकमान्य यांसारख्या उपाध्या प्रमाण नावात घेत नाहीत. मात्र वाचक त्या नावाने शोधणार असेल, तर तिथून निर्देश देतात.

लेखनभेद हे दुसरे कारण. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर ‘विष्णु’चे ‘विष्णू’ होऊ लागले. त्र्यंबक आणि त्रिंबक, जूलियन आणि ज्यूलियन ही रूपे शेजारी शेजारी वावरतात. वाचकाच्या नजरेला हा भेद किरकोळ वाटला, तरी वर्णक्रम लावताना आणि संगणकावर शोधताना तो आड येतो. रोमन लिपीत गुंता वाढतो: ‘ज्ञानेश्वर’मधील ‘ज्ञ’ कोणी ‘जे-एन’, कोणी ‘डी-एन-वाय’, तर कोणी ‘जी-वाय’ असा लिहितो.

विवाहामुळे लेखिकांची नावे बदलतात. माहेरच्या बाळूताई खरे विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या, पण ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हे पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले. या तीन नावांतला दुवा तालिकेने दाखवला नाही, तर तीन स्वतंत्र लेखिका असल्याचा भास होतो.

टोपणनावे : राम गणेश गडकरी नाटककार म्हणून स्वतःच्या नावाने, कवी म्हणून गोविंदाग्रज आणि विनोदकार म्हणून बाळकराम. प्र. के. अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मधील विडंबने केशवकुमार या नावाने लिहिली. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. अशा लेखकांबाबत दोन धोरणे संभवतात. एक, सर्व साहित्य एकाच प्रमाण नावाखाली आणून इतर नावांकडून ‘पाहा’ हा निर्देश देणे. दोन, लेखकाने वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी जाणूनबुजून वेगळी नावे घेतली असतील, तर ती स्वतंत्र ठेवून परस्परांत ‘हेही पाहा’ने जोडणे. पहिल्याने लेखक एकसंध दिसतो, दुसऱ्याने त्याची निवड राखली जाते. कोणतेही धोरण चालते. पण एका तालिकेत दोन्हींची सरमिसळ झाली की वाचक चुकतो.

संत व प्राचीन कवी : इथे आडनाव निरुपयोगी ठरते. ‘रामदास’ हे नाव ‘ठोसर, नारायण सूर्याजी’ असे कोणी शोधत नाही. मोरोपंतही ‘पराडकर’ या नोंदीत दिसणे गैरसोयीचे. म्हणूनच अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीने (१९७८) भारतीय नावांसाठी एकोणिसाव्या शतकाचा मध्य ही सीमारेषा मानली: त्यापूर्वीच्या लेखकाची नोंद व्यक्तिनामाने, नंतरच्याची सामान्यतः आडनावाने. संतांबाबत उलटी अडचणही येते. नामदेवांच्या नावावरील अभंगांत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली आहे. इथे एका नावामागच्या दोन व्यक्ती वेगळ्या काढायच्या असतात आणि त्यासाठी तालिकाकाराला साहित्यसंशोधकाच्या निष्कर्षावर अवलंबून राहावे लागते.

प्राधिकार-नोंद : या नोंदीत प्रमाण नाव, पर्यायी रूपे, संबंधित नावे, जन्म-मृत्यूची वर्षे आणि माहिती कुठून मिळाली तो आधार असतो. ‘मार्क २१’ या संगणकीय आराखड्यात व्यक्तीचे प्रमाण नाव १००, पर्यायी रूपे ४००, संबंधित नावे ५०० आणि आधार ६७० या क्षेत्रात भरतात. आधाराचे क्षेत्र दुर्लक्षित राहते. मात्र पुढे शंका आली तर निर्णय तपासता येतो तो त्याच्यामुळेच.

नियमांची वाटचाल : ब्रिटिश म्युझियमसाठी अँटोनिओ पानिझ्झी यांच्या पुढाकाराने केलेले ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले. भारतात शि. रा. रंगनाथन यांची ‘वर्गीकृत तालिका संहिता’ १९३४ मध्ये आली. नोंदीचे शीर्षक शक्यतो शीर्षकपृष्ठावरील माहितीवरून ठरावे, हा तिचा आग्रह होता. १९६१ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय तत्त्वांवर एकमत झाले. २०१० मध्ये आलेल्या ‘आरडीए’ नियमावलीत लेखकाची ओळख हा स्वतंत्र विषय मानला आहे.

आंतरराष्ट्रीय क्रमांक : ‘व्हीआयएएफ’ ही सेवा निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या प्राधिकार-नोंदी एकमेकींना जोडते, त्यामुळे एक देश लेखकाचे नाव देवनागरीत व दुसरा रोमनमध्ये ठेवू शकतो. लेखक व कलावंतांसाठीचा ‘आयएसएनआय’ (२०१२) आणि संशोधकांसाठीचा ‘ऑर्किड’ (२०१२) हे सोळा स्थानांचे क्रमांक नावाच्या लेखनावर अवलंबून नसतात. मात्र क्रमांक आपोआप योग्य व्यक्तीला चिकटत नाही. गोविंदाग्रज म्हणजेच गडकरी हे आधी कोणीतरी पुराव्याने ठरवावे लागते. क्रमांक तो निर्णय फक्त सर्वत्र पोहोचवतो.