शिडाच्या होडीचें दार

लहान शिडाच्या होडीला घराप्रमाणें बिजागरीचें दार क्वचितच असतें. सुकाणूं धरणारा जेथें बसतो, तेथून खालच्या खोलींत उतरण्यास एक अरुंद वाट असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खांचांत दोनतीन आडव्या फळ्या एकीवर एक बसविल्या कीं दार झालें! हवा बरी असली म्हणजे त्या काढून कोठें तरी ठेवून द्यावयाच्या, हीच सामान्य वहिवाट. उन्हानें व खाऱ्या पाण्यानें त्या झिजतात, आकसतात, तडकतात. तरी नव्या शिडासाठीं आनंदानें पैसा मोजणारा मालक त्यांची आठवण सहसा करीत नाहीं. या फळ्यांवर केवढा भार असतो, हें १९७९ सालीं आयर्लंडजवळच्या समुद्रानें दाखवून दिलें.

इंग्लंडच्या दक्षिणेस काउझ येथून निघावयाचें, आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील फास्टनेट खडकाला वळसा घालावयाचा आणि प्लिमथ गांठावयाचें, अशी सुमारें ६०५ सागरी मैलांची ही शर्यत १९२५ सालीं सुरू झाली होती. ११ ऑगस्ट १९७९ रोजीं तींत ३०३ नौका निघाल्या. १३ तारखेच्या रात्रीं घोर वादळ उठलें. लाटांच्या माऱ्यानें कित्येक नौका आडव्या झाल्या. कांहीं तर पार उलटल्या, डोलकाठी पाण्यांत व तळ आकाशाकडे! १५ स्पर्धकांनीं प्राण गमावले. खलाशांनीं २४ नौका सोडून दिल्या. त्यांपैकीं बुडाल्या अवघ्या ५. बाकीच्या १९ मागाहून तरंगत असलेल्या सांपडल्या.

तळाशीं जड शिसें किंवा लोखंड असलेली नौका उलटली तरी बहुधा पुनः सरळ होते. मात्र तोंवर तिच्या पोटांत फार पाणी शिरतां कामा नये. एक घनमीटर समुद्रजलाचें वजन हजार किलोग्रॅमहून अधिक भरतें. चौकशींत असें आढळलें कीं, कित्येक नौकांच्या खांचा वरच्या अंगास रुंद होत गेल्या होत्या. फळ्या झटकन काढतां याव्यात, म्हणून ही सोय! अशी फळी थोडी उचलतांच सुटते. नौका उलटली म्हणजे वरचें खालीं होतें, आणि जी फळी स्वतःच्या वजनानें जागीं बसलेली असते, तीच त्या वजनानें निसटून जाते. मग समुद्राला वाट मोकळी.

म्हणून आज दूरच्या शर्यतींच्या नियमांत या फळ्या दोरीनें नौकेला बांधलेल्या असाव्यात, आणि दाराची कडी आंतून तशीच बाहेरून, नौका उलटी असतांही, चालवितां यावी, असें बंधन आहे.

झिजलेली फळी बदलतांना हें सारें ध्यानीं धरावें लागतें. जुन्या फळीवरून माप घेतलें, तर तिचें आकसणेंही नवीन फळींत उतरतें. यास्तव माप खांचेचेंच घ्यावें. ओलें लाकूड फुगतें, म्हणून किंचित् जागा सोडावी. लाकूड मुख्यतः कापलेल्या टोकांतून पाणी पितें. तीं टोकें रोगणानें नीट बंद करावीं. दोन फळ्यांचा सांधा बाहेरच्या बाजूस उतरता असावा, म्हणजे पाणी बाहेरच ओघळतें. सागवान या कामास उत्तम. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं सागवानाची बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून पाहावयास मिळते. परंतु सागवानाची फळीही कडीवांचून व दोरीवांचून सुटायची ती सुटतेच.

होडी बंदरांत निवांत उभी असतां तिची फळी हातानें वर उचलून पाहावी. कडी लावलेली असूनही ती सुटली, तर तें दार समुद्राला उघडेंच आहे असें समजावें.