नेमाच्या दुर्बिणीचं घराणं

रायफलवर बसवायची दुर्बीण घेणारा दुकानात दोन गोष्टी हटकून विचारतो: किती पट मोठं दिसतं आणि कितीला पडेल. काच कोणाची, हे सहसा कुणी विचारत नाही. ब्रिटिश सैन्यावर ते विचारायची वेळ 1914 साली आली, तीही काच मिळेनाशी झाल्यावर.

बंदुकीवर दुर्बीण चढली ती त्याच्या कितीतरी आधी. त्या खटपटीत आपल्याकडच्या मुंबई फौजेतला एक अधिकारीही होता, डेव्हिड डेव्हिडसन. त्याच्या धाटणीच्या दुर्बिणी पुढे अमेरिकन यादवीत दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर दिसल्या. पण हा झाला नळीचा आणि पकडीचा इतिहास. काचेचं घराणं वेगळं, आणि माझ्या मते खरं मोठेपण त्याच्याकडेच आहे.

त्याचा मूळपुरुष म्हणजे स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातला प्येर लुई गिनाँ. हा मुळात सुतारकाम करणारा. वितळलेली काच एकजीव झाली नाही, तर तिच्यात शिरा राहतात आणि भिंग कितीही घासलं तरी चित्र थरथरतं. गिनाँने अग्निमातीचा दांडा घालून काच ढवळायला सुरुवात केली. सगळी विद्या एवढ्यात! बव्हेरियात ज्या कारखान्यात पुढे फ्राउनहोफर काम करू लागला, तिथे ती गिनाँबरोबर गेली. त्याच्या मुलाकडून फ्रान्सच्या बाँताँकडे आली आणि 1848च्या क्रांतीनंतर बाँताँबरोबर बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंकडे. जर्मनीत आबे आणि शॉट यांनी 1884 साली येना गावी कारखाना काढला, आणि बेरियमसारखी नवी द्रव्यं घालून अशी काच केली की बाकीचे मागेच पडले.

ही काच महाग का, ते भट्टीपाशी कळे. मातीची मूस आधी हळूहळू तापवायची, मग काच वितळवून तासन्‌तास ढवळायची आणि पुढे कित्येक दिवस निववायची. शेवटी मूसच फोडायची. आत काच तडकून वेडेवाकडे तुकडे झालेले असत. एकेक तुकडा उजेडात धरून पाहायचा. शीर किंवा बुडबुडा दिसला की बाद. मुशीतली बहुतेक काच अशीच बाद होई.

महायुद्धाआधी ब्रिटनला लागणाऱ्या अशा काचेपैकी सुमारे 60 टक्के जर्मनीतून येई आणि 30 टक्के फ्रान्समधून. युद्ध पुकारलं त्याच दिवशी पुरवठादार शत्रू झाला! लॉर्ड रॉबर्ट्‌सनी लोकांकडे घरातल्या दुर्बिणी मागितल्या. किंग्ज कॉलेजचे हर्बर्ट जॅक्सन येनाच्या काचांचे घटक आणि प्रमाण शोधत बसले. आघाडीवर जर्मनांकडे शिकाऱ्यांच्या दुर्बिणी लावलेल्या रायफली आल्या होत्या. ब्रिटिशांच्या हाती मिळेल ते.

मिळेल ते तपासायचं काम अंगावर घेतलं हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी लेखकाने. दुर्बिणी चांगल्या, पण हादऱ्याने पकड ढिली होऊन नेम सरकलेला, असा प्रकार त्याला पुन्हापुन्हा आढळला. काही दुर्बिणी तर रायफलच्या डाव्या अंगाला बसवलेल्या, कारण वरून काडतुसं भरायला जागा हवी. खंदकातल्या पोलादी पत्र्याच्या अरुंद भोकातून रायफलची नळी बाहेर काढली, की दुर्बिणीसमोर पत्राच! कागदावर हे कुणालाच दिसलं नव्हतं.

त्यामुळे पारख करायची तर रायफल टेकवून पक्की ठेवावी आणि डोळा जरा इकडेतिकडे हलवावा. फुली लक्ष्यावरून घसरत असेल तर त्या अंतरावर तिचा भरवसा नाही. नेम सरकवायच्या चकत्या उजवीकडे, वर, डावीकडे, खाली सारखेच खटके फिरवून पुन्हा गोळी झाडावी. ती पहिल्याच जागी लागली पाहिजे. आणि काच पाहायची तर भर दुपारी नव्हे, दिवेलागणीला. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण 4 टक्के उजेड परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग बरेच असतात. त्साइसच्या स्माकुलाने यावर लेप शोधला तो 1935 साली, म्हणजे पहिल्या युद्धातले नेमबाज त्याविनाच बसले होते.

युद्ध संपल्यावर जर्मन माल पुन्हा स्वस्तात येऊ लागेल, या धास्तीने ब्रिटनने 1921 साली परदेशी काचेवर आणि दुर्बिणींवर एक-तृतीयांश जकात बसवली. चान्स बंधूंच्या भट्ट्या त्या आधारावर चालू राहिल्या. वाढीव किंमत गिऱ्हाइकाने मोजली.