उल्हास नदी, साष्टी आणि कान्हेरीचे दाते

कान्हेरीची लेणी म्हणजे जनसंपर्कापासून दूर असलेले एकांतस्थान, असे वर्णन करण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. घोडबंदर रस्त्याने ठाण्याहून पश्चिमेकडे जाताना डाव्या हातास येऊरचा डोंगर आणि उजव्या हातास खाडी लागते. डोंगर व पाणी यांचे हे सान्निध्य ध्यानात घेतल्यावाचून कान्हेरीचा इतिहास नीट उलगडत नाही.

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कर्जत, बदलापूर व कल्याणवरून येऊन ती ठाण्याजवळ साष्टीच्या उत्तरेकडून वळते आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. भरतीचे पाणी या खाडीतून दूरवर आत शिरते. त्यामुळेच समुद्रापासून आत असूनही कल्याण बंदर ठरले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे.

कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा व चौल येथील दात्यांची नावे वारंवार येतात. त्यांत व्यापारी, सोनार, भिक्खू व भिक्खुणीही आहेत. ‘लेण’ आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, ही त्यांची नित्याची दाने होत. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, अशा डोंगरात टाक्यांवाचून संघाचा निवास अशक्य होता. खाडीने आलेल्या धनातून डोंगरावर गोड्या पाण्याची सोय झाली, असा या दानांचा अर्थ आम्ही लावतो.

सोपाऱ्याची कथा याहून निराळी आहे. पाली साहित्यातील ‘सुप्पारक’ ते हेच. ‘उदान’ ग्रंथातील बाहिय दारुचीरिय येथेच राहत होता. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. परंतु खाड्या गाळाने भरत गेल्या, आणि एके काळचे हे बंदर आज समुद्रापासून आत पडलेले दिसते. पुढे पोर्तुगिजांचे ठाणे वसईस झाले.

म्हणून बंदराचा ऱ्हास दिसला की केवळ राजवंशाचा अस्त शोधणे पुरेसे नाही. ‘पेरिप्लस’ कल्याणच्या व्यापारातील अडथळ्याचे कारण राजकीय सांगतो; सोपाऱ्याच्या बाबतीत गाळाचाही विचार करावा लागतो. कोणतीही घटना एकाच कारणाने घडत नाही, हे प्रतीत्यसमुत्पादाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

आज घोडबंदर रस्त्यालगत उंच इमारतींची रांग उभी आहे. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मात्र ज्या खाडीमुळे ती संपन्न झाली, तिच्या काठाकडे ऐतिहासिक दृष्टीने कोणी पाहत नाही. कांदळवन तोडून टाकलेल्या भरावाखाली जुने धक्के व वस्तीच्या खुणा गाडल्या गेल्यास त्या पुन्हा हाती लागणे कठीण आहे. तेव्हा अभ्यासकांनी शिलालेखांच्या ठशांबरोबर या काठाचीही गावोगाव पाहणी हाती घ्यावी, अशी आमची विनंती आहे.